माळावर शहर उतरलं त्या दिवशी

झोतिकोस पाथरवटाने देवळापुढे धूप जाळला तो पोरीसाठी, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. आमच्या फ्रिगियात माणसं दगड फोडतात, मेंढ्या राखतात आणि मनात धरून ठेवतात. या तिन्ही कामांत आमचा हात धरणारं कोणी नाही.

रोमच्या सम्राटाचा हुकूम आमच्या डोंगरांपर्यंत पोचला तेव्हा हिवाळा सरत आला होता. प्रत्येकाने येऊन देवांना चिमूटभर धूप घालायचा, वेदीवर दारू ओतायची, बळीच्या मटणाचा तुकडा तोंडात टाकायचा आणि पाच पंचांच्या सह्यांचा दाखला घेऊन घरी जायचं. दाखला नाही तो ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती तो आत.

झोतिकोसची तातिया सतरा वर्षांची होती. आई लहानपणीच गेली, बापाने दगडाच्या भुकटीतच तिला वाढवलं. पंचांपुढे उभी केली तेव्हा ती "मी नाही घालणार" म्हणाली, एवढंच. वाद नाही, रडणं नाही. तिला आणि तिचा आतेभाऊ मेनास याला धान्याच्या जुन्या पेवात डांबलं. मेनास म्हणजे झोतिकोसच्या बहिणीचा, आफियाचा, एकुलता एक. विसाव्या दिवशी तो गेला. पाणी पाणी करत गेला, असं पहारेकऱ्याने येऊन सांगितलं.

त्या दिवशी झोतिकोसचा धीर सुटला. पंचांचा मुख्य दिओगास हा लोकरीचा व्यापारी, दोघांनी लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेलं. तो म्हणाला, "अरे दगडफोड्या, रडतोस काय? सगळ्या घराच्या वतीने कर्त्याने घातला तरी चालतो. आजवर किती जणांनी तसंच केलंय. तू घाल, मी तिचं नाव लिहितो. पोरीला बोटसुद्धा लावावं लागणार नाही."

"तिला न विचारता?"

"विचारशील तर ती नाही म्हणेल. मग पुरायला तरी ये तिला."

झोतिकोसने धूप घातला. दारू ओतली. मटणाचा तुकडा घशाखाली उतरेना, तर डोळे मिटून गिळला. दाखल्यावर लिहिलं होतं: झोतिकोस आणि त्याची मुलगी तातिया देवांना पहिल्यापासून भजत आले आहेत, आजही आमच्यासमोर भजले. सूर्य माथ्यावर यायच्या आत पोर घरी आली.

पेवातून वर काढताना पहारेकऱ्याने तिला तो दाखला वाचून दाखवला होता. उंबरठ्यावर उभी राहून तिने एकच विचारलं, "बाबा, माझं नाव का घातलंस? तुझं एकट्याचं घालायचं होतंस."

"एकट्याचं घालून तू सुटली असतीस का?"

"मी सुटायला मागत होते का?"

झोतिकोसने तिच्यापुढे जवाची भाकरी आणि चीज ठेवलं. तिने भाकरी घेतली, चीज तसंच ठेवलं. आमच्याकडे प्रभूच्या पंगतीत भाकरीबरोबर चीजही वाटतात. आपण त्या पंगतीतले राहिलो नाही, हे तिने तोंडाने न बोलता सांगितलं.

आता त्रिफेना माईचं सांगायला हवं. माई आमच्या ख्रिस्ती मंडळीची भविष्यवादिनी होती. अंगात आत्मा आला की तिचा आवाज बदलायचा आणि आम्ही सगळे जमिनीला डोकं टेकायचो. तिने सांगितलं होतं की पुनरुत्थानाच्या सणानंतर पन्नासाव्या दिवशी जग संपणार, आणि नवं यरुशलेम, बारा दारांचं, नदीपलीकडच्या माळावर आकाशातून उतरणार. हे ऐकून लोकांनी पेरणी केली नाही. दोन लग्नं मोडली. झोतिकोसनेच तातियाला मांडीवर घेऊन त्या शहराच्या गोष्टी सांगितल्या होत्या, रस्ते सोन्याचे, दारं मोत्यांची. आता माईने त्यात आणखी एक भर घातली होती. ज्यांची नावं दाखल्यांवर आहेत त्यांचे डोळे बांधलेले राहतील. शहर नाकासमोर उतरलं तरी त्यांना नुसता माळच दिसेल.

पन्नासावा दिवस उजाडला. ज्यांना पंचांनी अजून बोलावलं नव्हतं ती मंडळी पांढरी वस्त्रं नेसून चढणीवर बसली. दाखलेवाले ओढ्याच्या अलीकडे, गोणपाट पांघरून, डोक्यात राख घालून उभे. आम्ही पापी लोकांना तसंच लांब उभं करतो. त्यांच्यात तातिया सगळ्यांच्या पुढे होती. रात्रभर ती उपाशी होती आणि तरी तिचा चेहरा लग्नघरातल्या पोरीसारखा फुललेला होता. "बाबा," ती म्हणाली, "माईचं ते डोळ्यांचं खरं नसलं तर? प्रभू दयाळू आहे ना? थोडंसं तरी दाखवेल."

सूर्य वर आला. माळावर काटेरी झुडपं होती आणि कोणाची तरी चुकलेली मेंढी होती. ऊन चढलं. दुपार झाली. मेंढी चरत चरत निघून गेली.

आणि खरं सांगायचं तर झोतिकोसला आनंद झाला. मंडळीतला प्रत्येक माणूस पोळलेल्या डोळ्यांनी आकाश पाहत होता आणि हा मनातल्या मनात म्हणत होता, नको येऊ, नको येऊस. शहर आलं नाही म्हणजे पोरीचं काही गेलं नाही. मग ती माझ्याशी बोलेल, चीज खाईल, तिचं लग्न होईल. देवा, तू येऊ नकोस. बापाचं काळीज असंच असतं, त्याला काय करणार?

तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली. "आलं! दारं बघा, दारं!"

लोहाराची बायको होती ती. मग तिच्या शेजारचा म्हातारा ओरडला. मग चार जण, मग दहा. पाहता पाहता सगळी चढण गुडघ्यांवर आली, हात वर, डोळ्यांतून धारा. आफियासुद्धा. मुलगा गेल्यापासून जी दगड झाली होती ती आफिया हात पसरून हंबरत होती, "मेनास! मेनास दारात उभा आहे!"

"कुठे?" तातिया म्हणाली. "बाबा, कुठे?"

"कुठेच नाही."

"कोणत्या बाजूला? मला दाखव ना!" ती दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. "मला माळच दिसतोय. बाबा, मला नुसता माळच दिसतोय!"

"मलाही माळच दिसतोय, ताते! कारण तिथे माळच आहे! उन्हाने डोकी फिरलीत यांची!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुला कसं दिसेल, बाबा," ती म्हणाली. "तुझंही नाव आहेच की."

ओढ्यापलीकडे लोक गात घरी निघाले. माई सांगत होती की शहर उतरलं, आपल्या माणसांना पाहून परत वर गेलं, आता एकेकाला बोलावून घेईल. जग काही संपलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

दिवस कलायच्या आत झोतिकोस बहिणीच्या दारात होता. आफिया लोकर पिंजत बसली होती. "काय रे दादा," ती म्हणाली, "बाटलेल्या पायांनी आलास माझ्या घरात?"

"हाकलून दे मग. पण आधी सांग, काय पाहिलंस?"

"सगळ्यांनी पाहिलं तेच. बारा दारं."

"कशी होती?"

"कशी म्हणजे? मोठी. पांढऱ्या दगडाची, कोरीव."

"आफिये," झोतिकोस म्हणाला, "दारं मोत्यांची आहेत. दर रविवारी माई सांगते. दगडाची दारं तू आयुष्यभर माझ्या अंगणात पाहिलीस, म्हणून तोंडात तीच आली."

आफियाचे हात थांबले. मग एकदम उसळली. "नाही पाहिलं! झालं समाधान? नाही दिसलं मला काही! माझा पोरगा तहानेने तडफडून मेला, दादा. तो मेला त्या शहरासाठी. सगळ्यांना दिसतंय आणि मलाच दिसत नाही, मी त्याची आई! मग काय करू? गप्प बसू? तू तुझी पोर घरी आणलीस. माझ्याकडे ते शहर उरलंय फक्त. तेही काढून घ्यायला आलास?"

"पोर झुरून मरेल गं माझी. तिला वाटतं नाव दाखल्यावर आहे म्हणून ती आंधळी झाली. एकदा तिला सांग. तिच्या एकटीच्या कानात सांग. मी तुझ्या पाया पडतो."

"जा, दादा."

"आफिये..."

"जा म्हटलं ना!" आणि ती लोकरीत तोंड खुपसून रडायला लागली. भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झिडकारला नाही, पण हो असंही म्हणाली नाही.

सकाळी झोतिकोस उठला तर तातिया घरात नव्हती आणि कोनाड्यातला दाखलाही नव्हता. चपला न घालताच तो बाजाराकडे धावला.

पंच खांबांच्या सावलीत बसले होते. त्या दिवशी नेमका सुभेदाराचा अधिकारी तपासणीला आला होता. तातियाने दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा खोटा आहे. मी धूप घातला नाही. मी ख्रिस्ती आहे."

दिओगासने हळूच अधिकाऱ्याकडे पाहिलं. "घरी जा, पोरी. आज माझे कान दुखतायत, मला काही ऐकू आलं नाही."

"मला आलं," अधिकारी यादी चाळत म्हणाला. "तुरुंगात पाठवून झालंय ना हिला? मग आता तुरुंग नाही. तलवार. आत्ता शब्द मागे घेऊन धूप घातला नाही तर आजच."

झोतिकोस त्याच्या पायांवर पडला. मीच घातला धूप, मीच नाव लिहवून घेतलं, मला न्या, पोर खुळी आहे, उपासाने भ्रमिष्ट झाली आहे, काय काय तो बोलला. शेवटी पोरीचे गुडघे धरले. "ताते, अगं कशासाठी?"

"माझे डोळे उघडतील," ती म्हणाली. "बाबा, सगळ्यांना दिसलं. लोहाराच्या बायकोला दिसलं, जी मापात लबाडी करते! मला मात्र नाही. मला असं नाही जगता येत."

तेवढ्यात गर्दी दुभंगली. आफिया होती. डोक्यावर पदर नाही, पायांत काही नाही, धापा टाकत. सुभेदाराचा माणूस समोर बसलाय, आपल्याही हातात दाखला नाही, हे तिने बघितलंच नसावं. "तातिये!" ती ओरडली. "पोरी, मी काही पाहिलं नाही! शपथ घेते, काही नाही! माळ होता गं, नुसता माळ! मी खोटं बोलले! हे सगळे खोटं बोलले!"

काल चढणीवर बसलेले पंधरावीस जण तिथेच होते, कोणी टोपली घेऊन, कोणी मेंढी धरून. झोतिकोस वळून त्यांच्याकडे पाहत ओरडला, "बोला की! एक जण तरी बोला! तुमच्या एका शब्दावर माझी पोर वाचेल!"

लोहाराच्या बायकोने मान खाली घातली. म्हातारा दुसरीकडे बघायला लागला. आपलं तोंड उघडलं तर सुभेदाराचा माणूस विचारेल, तू कोण? आणि ती भीती नसती तरी ते बोलले नसते, हे मला आज कळतं.

तातियाने आत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती गं चांगली तू," ती म्हणाली. "मला वाचवायला एवढं मोठं खोटं बोललीस. मेनासला दारात पाहूनसुद्धा. बाबाने पाठवलं ना तुला? काल आला होता ना तो तुझ्याकडे?"

आफियाने तोंड उघडलं. पण त्याला नाही कसं म्हणायचं? तो आला होता. पाया पडला होता. तिने भावाकडे पाहिलं, आणि तेवढं पाहणं तातियाला पुरलं. तिने आत्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि शिपायांच्या पुढे चालायला लागली.