पाखऱ्याची गाडी तापते

काळेवाडीतल्या त्या गॅरेजच्या फलकावर मालकीण म्हणून नाव मैत्रीचे होते. पण येणारे प्रत्येक गिऱ्हाईक बोलायचे ते तिच्या वडिलांशी. बॉनेटखाली डोके मैत्रीचे, हात काळे मैत्रीचे, आणि ‘काय झालंय ओ गाडीला?’ हा प्रश्न मात्र खुर्चीत बसलेल्या धम्मपालरावांना. भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षे रेडिएटर तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गेले चार महिने ते खुपत होते. खोटे कशाला सांगा, थोडे सुखावतही होते.

गुरुवारी सकाळी पुनावळ्याचे दादासाहेब आपली बारा वर्षांची पिकअप घेऊन आले. पाखऱ्या नावाचा त्यांचा बैल बैलगाडा शर्यतींत नावाजलेला. शर्यतीच्या चढणीला इकडे घाट म्हणतात. त्या घाटावर पाखऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला न्यायची ती हीच गाडी. मागच्या दोन्ही खेपांना ती चाकणच्या हायवेवर उकळली, बैल उन्हात ताटकळले आणि बारी, म्हणजे शर्यतीतली पाळी, हुकली. येत्या रविवारी चाकणजवळच्या जत्रेत पुन्हा शर्यत होती.

“धम्मपालराव, तीन मिस्त्री झाले,” दादासाहेब म्हणाले. “एकानं रेडिएटर बदलला, दुसऱ्यानं थर्मोस्टॅट, तिसऱ्यानं पंप. आता निस्ता डायवर बदलायचा ऱ्हायलाय.”

“डायवर कोण आहे?”

“मीच की!”

“मग त्याला शालनवहिनींची परवानगी लागेल.”

“काका, तापते कधी?” मैत्रीने मध्येच विचारले.

दादासाहेबांनी उत्तर दिले, पण धम्मपालरावांकडे बघून. “बैल भरले की. रिकामी कुठं बी पळवा, काटा हलायचा न्हाई.”

मैत्रीने इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडले, गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिले. आले नाहीत, म्हणजे इंजिनाच्या आत दोष नव्हता. पंखा ठीक होता. इंजिन तापल्यावर तिने ते बंद केले आणि रेडिएटरवरून तळहात फिरवला. कुठे गार पट्टा लागला नाही, म्हणजे तो चोंदलेला नव्हता.

“खालचा पाइप,” धम्मपालरावांनी निकाल दिला. “भार पडला की इंजिन जोरात फिरतं, पंप पाणी ओढतो आणि पाइप चिमटतो. पाणी यायचंच बंद.”

“पप्पा, पाइप कडक आहे.”

“उभ्या गाडीत कळत नाही ते.”

“मग भरून पळवू.”

शेजारच्या दुकानातून तिने सिमेंटची अठरा पोती मागून घेतली. दोन बैलांचे वजन साधारण तेवढेच. भर दुपारी गाडी चाकणपर्यंत नेली नि आणली. धम्मपालराव शेजारी बसून काट्यावर नजर रोखून होते. काटा तापल्याच्या खुणेकडे सरकावा, अशी एका क्षणी त्यांना चक्क इच्छा झाली, आणि लगेच तिची लाजही वाटली. काटा मध्यावरून ढळला नाही.

“पाइप नाही,” मैत्री म्हणाली.

“मग भूत हाय काय?” गॅरेजात वाट बघत बसलेले दादासाहेब म्हणाले.

ओझे तेच, रस्ता तोच, ऊन तेच. तरी गाडी तापली नाही. तर मग घाटाला जाणाऱ्या गाडीत असे काही होते, जे या गाडीत नव्हते. मैत्री गाडीभोवती हळूहळू फिरली आणि समोरच्या जाळीपाशी थबकली.

“काका, सगळी गाडी गंजली, हे चारच बोल्ट कसे चकाकतात?”

दादासाहेबांचा चेहरा उजळला. “तिथं पाखऱ्याच्या नावाची पाटी असती! पितळंची, ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर. घाटाला जाताना लावतो.”

“आणि गॅरेजला येताना?”

“काढून ठेवतो. पहिल्याच मिस्त्र्यानं पोचा पाडला तिला. शालन चिंच लावून घासती ओ ती!”

धम्मपालरावांनी कपाळाला हात लावला. रेडिएटरच्या तोंडावर पितळेचे दार बसवून गाडी घाटाला निघायची. आणि दाराला धक्का लागू नये म्हणून ते घरी ठेवून वैद्याकडे यायची!

“पाटीनं वारा अडतो, काका.”

“पाखऱ्याच्या नावानं गाडी तापती म्हनती व्हय?” दादासाहेब उसळले. “पाटीबिगर घाटात गेलो तर लोक म्हनतील, बैल इकला! धम्मपालराव, तुमी सांगा. तुमचं मत काय?”

धम्मपालरावांच्या जिभेवर एक सोयीचे वाक्य आले होते: पाटी काढू, आणि असू दे म्हणून पाइपही बदलू. गाडी बरी झाली असती आणि कुणामुळे, हे कुणालाच कळले नसते. ते वाक्य त्यांनी गिळले.

“गॅरेज तिचं, मत तिचं.”

“पाटी टपावर लावू,” मैत्री म्हणाली. “लांबून दिसेल. रविवारी मी गाडीत बसते. तापली तर खुशाल सगळ्यांना सांगा, मैत्रीला काही येत नाही.”

रविवारी मागे बैल, पुढे दादासाहेब, मैत्री आणि धम्मपालराव, असे सगळे निघाले. हायवे तापला होता. दादासाहेब रस्त्यापेक्षा काटाच अधिक पाहत होते. “काका, समोर बघा, काटा मी बघते,” असे मैत्रीने दोनदा बजावले. मागच्या दोन्ही खेपांना गाडी जिथे उकळली होती ती जागा आली, मागे पडली, आणि काटा होता तिथेच राहिला. दादासाहेबांनी एकदम इतका मोठा श्वास सोडला की मागून पाखऱ्या हंबरला.

घाटावर बारी वेळेवर मिळाली. पाखऱ्या भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात असा सुटला की दादासाहेबांचा फेटा त्यांच्याच हातात आला. गडबड ओसरल्यावर दुसरे गाडामालक नानासाहेब टपावरची पाटी न्याहाळत आले.

“गाडी एकदाची सुधारली म्हनायची! धम्मपालरावांचा हात लागला वाटतं?”

दादासाहेब मान डोलावणार, तोच धम्मपालराव पुढे झाले. आवाज त्यांनी मुद्दामच चढवला.

“माझा? मी पाइप बदलायला निघालो होतो, नानासाहेब! माझं ऐकलं असतं तर आत्ता हायवेवर बादल्या ओतत बसलो असतो. दोष हिनं शोधला. मी तिच्याशी वाद घातला आणि हरलो.”

आजूबाजूचे पाचपन्नास लोक वळून बघू लागले. नानासाहेबांनी मैत्रीला एकवार निरखले, टोपी सारखी केली आणि धम्मपालरावांकडे सरळ पाठ करून तिच्यापुढे उभे राहिले.

“ताई, आमची बी गाडी चढाला पानी फेकती. कधी आनू?”

आयुष्यात अनेकांनी धम्मपालरावांकडे पाठ फिरवली होती. इतकी देखणी पाठ मात्र त्यांनी आजवर पाहिली नव्हती.