फोटोतलं तोंड

यवतमाळच्या ज्या सेंटरात मी सीटी स्कॅन काढतो, तिथं डोक्याचा असो की गुडघ्याचा, सगळा फोटोच. पेशंट म्हणतात, मीही म्हणतो. माणूस घाबरत नाही, काम पटकन उरकतं.

जया बाभुळगावकडच्या तांड्यावरची. वय बावीस. जन्मापासून जबडा मागं राहिलेला, पाठ टेकून झोपली की श्वास अडकायचा. बिचारी भिंतीला टेकून बसूनच झोपायची. नागपूरचे डॉक्टर आधी कॉम्प्युटरवर ऑपरेशन करून बघणार, मग त्याच मापानं दोन्ही जबडे पुढं घेणार होते. चूक फार तर एक-दोन मिलिमीटर, म्हणायचे.

ते माप माझ्या स्कॅनवरून निघायचं होतं. खालचा जबडा आपल्या जागेवरून हलू नये म्हणून त्यांनी दातांत धरायला मेणाची पट्टी पाठवली होती. त्या पट्टीनं जयाला ओकारीची उबळ यायला लागली. बाहेर ही गर्दी, माझं डोकं तापलेलं. मी पट्टी काढून टाकली.

"आता फोटो काढून राह्यलो. हलू नको."

दारातून तिची आई लालीबाई ओरडली, "जया, फोटो हाय!"

मला वाटलं, धीर देतेय.

ऑपरेशननंतर डॉक्टरांचा फोन आला. सगळं प्लॅनप्रमाणेच केलं होतं. पण स्कॅनमध्ये खालचा जबडा पाच मिलिमीटर पुढं आलेला होता. बेशुद्ध केल्यावर तो मागं सरकला आणि त्याच्या आधारानं बसवलेला वरचाही मागंच राहिला.

"स्कॅनच्या वेळी पट्टी होती ना?"

"होती," मी म्हणालो. इतका हलकट मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

काल जया परत आली. नवा स्कॅन, पुन्हा कापाकापी. गालफडं बसलेली, झोप अजून बसूनच. मी लालीबाईला विचारलं, त्या दिवशी कायले ओरडल्या होत्या?

"लहानपनापासून शिकवलं भाऊ तिले. फोटो म्हनला का हनुवटी पुढं काढाची. लग्नासाठी सोयऱ्यायले दाखवाचा फोटो चांगला याले पायजे ना."

तिथंच सगळं कबूल करायला हवं होतं. मी मान खाली घालून पट्टी कोमट पाण्यात धरली.

जया टेबलावर आडवी झाली.

"दादा, मांगच्या वेळी माहंच चुकलं," ती म्हणाली. "आता कोनतं तोंड धरू?"