चार बोटं उजेड

रंगमंचावर त्या सकाळी बहात्तर दिवे टांगलेले होते, त्यांतले तीन बंद. एक शिडी, शिडीवर एक माणूस, शिडी धरायला दुसरा. समोर सहाशे बारा खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. जमिनीवर चिकटपट्टीच्या एकोणीस फुल्या होत्या आणि एकोणिसाव्या फुलीवर, उजेडाच्या एका अरुंद पट्टीत डोळे धरून, एक बाई उभी होती.

"मावशी, कुठवर आलाय?" दिवेमास्तरांनी शिडीवरून विचारलं.

"वरची कड भुवईच्या वर एक बोट. खालची डोळ्यांखाली दीड. उजवा कोपरा कलतोय."

मास्तरांनी दिव्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला. "आता?"

"आता ठेवा."

मास्तरांनी स्क्रू आवळला, त्यावर खडूची रेघ मारली आणि खाली उतरले. नाटकाच्या शेवटच्या प्रसंगात सगळा रंगमंच अंधारात जाणार होता आणि नायिकेचे फक्त डोळे दिसणार होते. चार बोटं उजेड. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. दिग्दर्शकाचा सगळा जीव या चार बोटांत अडकला होता. उद्या पहिला प्रयोग.

मावशींना नाट्यगृहात सगळे मापमावशी म्हणत. त्यांची खरी नोकरी शिवणखोलीतली, नाटकांचे कपडे शिवण्याची. पण दिवे लावायला चार-चार तास लागतात आणि तेवढा वेळ नायिकेला फुलीफुलीवर उभं करून ठेवलं तर संध्याकाळी ती अभिनय काय करणार, आराम करायला घरी जाईल. म्हणून तिच्या उंचीचं कोणीतरी तिच्या जागी उभं राहायचं. सत्तावीस वर्षांपूर्वी तेव्हाचे दिवेमास्तर शिवणखोलीत आले होते आणि तिथल्या सात जणींना त्यांनी एकेक करून भिंतीला टेकवून मोजलं होतं. एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर एकच निघाली. ते त्यांनी दिव्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आणि तेव्हापासून त्या पानाकडे कोणी पुन्हा पाहिलं नाही, कारण आकडा सगळ्यांना पाठ होता. पुढे नायिका बदलत गेल्या. कोणी एकशे पासष्ट, कोणी एकशे अडुसष्ट. फरकाइतक्या लाकडी फळ्या मावशींच्या पायाखाली जात. वजाबाकी नेहमी एकशे त्रेसष्टपासून सुरू होई. या वेळची नायिका बरोबर एकशे त्रेसष्टचीच होती, मावशींनीच गेल्या महिन्यात तिची मापं घेतली होती. त्यामुळे फळ्या कोपऱ्यात पडून होत्या आणि मावशी जमिनीवर उभ्या होत्या, आपल्या स्वतःच्या उंचीवर, याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं.

उभं राहणं ही काही मोठी कला आहे असं घरात कोणाला वाटत नसे. नणंद तर पाहुण्यांसमोरच म्हणाली होती, की आमची वहिनी नाटकात असते, पण पडदा उघडायच्या आधी. उभं तर काय, खांबही राहतो. मावशी तेव्हा चहा ओतत होत्या. "राहतो की," त्या म्हणाल्या, "पण उजेड कुठे पडलाय ते खांबाला सांगता येत नाही." पाहुणे हसले, नणंदही हसली, आणि विषय मिटला.

खरं म्हणजे मावशींना ते डोळे मिटूनही सांगता येई. जुने दिवे तापत, आणि उजेडाची कड गालावर उन्हाच्या कडेसारखी कळत असे. या वर्षी मास्तरांनी आग्रह धरून नवे दिवे आणवले होते. ते थंड होते. त्यांच्यासाठी मावशींनी नवी रीत बसवली: पापण्या अर्ध्या मिटायच्या, पापणीच्या केसांवर चमक आली की खालची कड, भुवईखाली दुखल्यासारखं झालं की वरची. महिन्याभरात त्यांचा हात बसला होता. हात म्हणजे चेहरा.

दुपारी दोन वाजता पहिली गोष्ट बिघडली. नायिकेचा पायघोळ झगा शिवून तयार होता. त्याची खालची घडी मावशींनी नेहमीप्रमाणे स्वतः झगा घालून, शिवणखोलीतल्या जोडीदारणीला टाचण्या लावायला सांगून, जमिनीपासून एक बोट वर ठरवली होती. नायिकेने तो घातला आणि आरशासमोर अनवाणी उभी राहिली. झगा जमिनीपासून चार बोटं वर होता. घोटे उघडे.

"मावशी, मी पाणी ओलांडायला निघालेय का?" नायिका म्हणाली.

जोडीदारीण म्हणाली कापड आटलं असणार.  पण कापड कापण्याआधी मावशींनी ते रात्रभर भिजवलं होतं, नेहमीच भिजवत. त्यांनी टेप लावला, एक बोट हवं होतं, चार आहेत, तीन बोटं, म्हणजे पाच सेंटिमीटर. सुदैवाने घडीत सहा सेंटिमीटर जादा कापडाची माया सोडलेली होती. त्यांनी टाके उसवायला घेतले आणि मनात म्हणाल्या, वय झालं, हात चुकला.

चार वाजता तालीम सुरू झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दिव्यांसकट, न थांबता. शेवटचा प्रसंग आला. रंगमंच हळूहळू अंधारात गेला, नायिका एकोणिसाव्या फुलीवर येऊन थांबली, आणि चार बोटांचा उजेड पेटला.

तो तिच्या नाकावर होता.

खुर्च्यांच्या अंधारातून कोणीतरी फुसकन हसलं. दिग्दर्शक उठून पुढे आला. तो ओरडणारा माणूस नव्हता, त्यामुळे तो हळू बोलला की जास्त भीती वाटे. त्याने मास्तरांना विचारलं, की हे नवे दिवे आणा म्हणून गेले सहा महिने कोण मागे लागलं होतं.  मग तो म्हणाला, की सात वाजेपर्यंत हे नीट झालं नाही तर उद्यासाठी बाहेरचा माणूस बोलावतो, आणि बाहेरचा माणूस एकदा आला की तोच राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते शिडी चढले. वरून त्यांचा आवाज आला, की स्क्रू हललेला नाही, खडूची रेघ जागच्या जागी आहे.

"मावशींना उभं करा," ते म्हणाले.

मावशी उसवलेला झगा टेबलावर टाकून, गळ्यात टेप तसाच, फुलीवर येऊन उभ्या राहिल्या. दिवा पेटला. उजेड बरोबर डोळ्यांवर. भुवईच्या वर एक बोट, डोळ्यांखाली दीड.

नायिका उभी राहिली. उजेड नाकावर.

पुन्हा मावशी. डोळे. पुन्हा नायिका. नाक.

आता दिग्दर्शकाची नजर दिव्यावरून नायिकेवर गेली. दिवा समोरून आणि वरून येत होता. माणूस एक पाऊल मागे सरला की उजेड त्याच्या अंगावर खाली उतरतो, हे रंगमंचावर काम करणाऱ्या सगळ्यांना कळतं. "तू मागे उभी राहतेस," तो म्हणाला.

"मी फुलीवर आहे. येऊन बघा माझे पाय."

"बारा वर्षं काम करतेस, अजून फुली सापडत नाही?"

नायिकेचा आवाज बदलला. "मी फुलीवर आहे, सर."

"मग काय, मावशी चुकल्या? सत्तावीस वर्षं उभ्या राहतायत त्या. मावशी, तुम्ही सांगा. ही मागे राहतेय ना?"

सगळे मावशींकडे बघू लागले. शिडीवरून मास्तर, शिडी धरणारा, खुर्च्यांतले दहा-बारा जण, आणि डोळ्यांत पाणी आलेली पण ते पडू न देणारी नायिका. मावशी उजेडात होत्या. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मास्तरांची नोकरी वाचली असती, दिग्दर्शक शांत झाला असता, नायिकेने अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं कबूल केलं असतं आणि उद्याचा प्रयोग पार पडला असता. त्यांच्या शब्दावर इथे कोणी कधी शंका घेतली नव्हती.

पण मावशींच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालला होता. झगा तीन बोटं आखूड. उजेड तीन बोटं खाली. कापड आटलेलं नाही. स्क्रू हललेला नाही. नायिकेची उंची महिन्यापूर्वी याच टेपने घेतलेली. मग दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या कामांत, चूक सारखीच कशी? दोन्हीकडे सारखं एकच होतं. त्या स्वतः. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा गेली दोन वर्षं त्यांना चवड्यांवर उभं राहून काढावा लागत होता, आणि दोन वर्षं त्या नवऱ्याला म्हणत होत्या, की तुम्ही ती फळी ठोकताना वर ठोकलीत.

"बाई बरोबर उभ्या आहेत," मावशी म्हणाल्या. मग गळ्यातला टेप काढून त्यांनी पुढे केला. "मास्तर, खाली या. माझं माप घ्या."

"तुमचं? तुमचं वहीत आहे की."

"वहीतलं सत्तावीस वर्षांपूर्वीचं आहे. या सगळ्यात तेवढंच एक कोणी परत मोजलेलं नाही."

नेपथ्यातल्या दाराच्या चौकटीला त्या पाठ लावून उभ्या राहिल्या. टाचा चिकटलेल्या, मान सरळ, नजर समोर. मास्तरांनी दिव्यांची जाडजूड वही त्यांच्या डोक्यावर आडवी धरली, काटकोनात आहे ना ते पाहिलं आणि पेन्सिलने रेघ मारली. टेप लावला. एकशे अठ्ठावन्न. त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावन्न. मग दिग्दर्शकाने टेप हातात घेतला, वाकून स्वतः मोजलं, आणि टेप गुंडाळला.

 नायिका पुढे आली आणि मावशींच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा ते सगळ्यांना नुसत्या डोळ्यांनीच दिसलं. आजवरचे उजेड रुंद असत आणि झगे इतके पायघोळ नसत, त्यामुळे इतकी वर्षं कोणी पाहिलं नव्हतं.

"माणसाची उंची कमी होते, मावशी," दिग्दर्शक म्हणाला. आता त्याचा आवाज खरंच मऊ होता. "यात तुमची काय चूक. पुढच्या वेळेपासून आपण नायिकेलाच उभं करू. तुम्ही खूप केलंत."

मावशींनी मान डोलावली. टेप गळ्यात घातला. शिवणखोलीकडे वळल्या.

"आत्ताच करून बघू या," मास्तर म्हणाले. ते पुन्हा शिडीवर चढले होते. नायिका फुलीवर उभी राहिली. मास्तरांनी स्क्रू सैल केला, दिवा वर उचलला. "कुठवर आलाय?"

"डोळ्यांवर," नायिका म्हणाली.

"वर किती बोटं?"

"वर... आहे थोडा."

"खाली?"

"मास्तर, मला नुसता उजेड दिसतोय."

"कोपरा कुठला कलतोय?"

नायिकेने डोळे बारीक केले, मोठे केले, आणि मग हसून म्हणाली, "मावशींना बोलवा."

मास्तरांनी वरूनच सांगितलं, "कोपऱ्यातल्या फळ्या आणा. पाचची नाही आपल्याकडे. दोनची आणि तीनची आणा, एकावर एक."

दिग्दर्शकाने मावशींना विचारलं, की या वयात असं दोन फळ्यांवर चढून तासभर उभं राहायला झेपेल का.

"उंची गेलीय, सर," मावशी म्हणाल्या. "पाय तेच आहेत."

नायिकेने हात दिला. तो धरून त्या चढल्या. उजेड आला. मावशींनी पापण्या अर्ध्या मिटल्या.

"वर दोन बोटं आहे, एक पाहिजे. खाली अर्धंच. डावा कोपरा कलला. हं. अजून. अजून जरासा. ठेवा."

मग नायिका फुलीवर उभी राहिली आणि अंधारात तिचे दोन डोळे दिसले, नुसते डोळे, आणि शिडी धरणारा शिडी धरायचं विसरला.

संध्याकाळी निघण्याआधी मावशींनी वही मागून घेतली. पहिल्या पानावरचा एकशे त्रेसष्ट हा आकडा त्यांनी एका सरळ रेघेने खोडला, वाचता येईल असा, आणि शेजारी एकशे अठ्ठावन्न लिहून तारीख घातली. मास्तरांनी त्याखाली भर घातली, की दर सहा महिन्यांनी मोजणे.

नवरा निवृत्त होण्याआधी घरोघरी पाण्याचे मीटर वाचत असे, त्यामुळे रात्री घरी जेवताना आकडा ऐकून त्याने लगेच विश्वास ठेवला.  मग म्हणाला, "म्हणजे फळी मी बरोबर ठोकली होती."

"हो. बरोबर ठोकली होतीत."

"पाच सेंटिमीटर. आणि भांडताना कधी कळलं नाही गं." तो उठला आणि वरचा डबा काढून खालच्या फळीवर ठेवून आला. "उद्या मी येतो बघायला. पण तू उभी राहतेस ते दिसणार नाहीच ना?"

"दिसेल," मावशी म्हणाल्या. "शेवटी. चार बोटं."

दुसऱ्या दिवशी सहाशे बारा खुर्च्यांपैकी पाचशे चौऱ्याण्णव भरल्या. नवरा चौदाव्या ओळीत होता, शेजारी नणंद. मावशी विंगेत उभ्या होत्या, हातात सुईदोरा. झगा जमिनीपासून एक बोट वर होता. शेवटचा प्रसंग आला, रंगमंच अंधारात गेला, नायिका चालत येऊन थांबली, आणि चार बोटांचा उजेड पेटला. विंगेतून मावशींना तिचे डोळे दिसत नव्हते. त्यांना पहिल्या दोन ओळींतले चेहरे दिसत होते, रंगमंचावरून परतलेल्या उरल्यासुरल्या उजेडात जेमतेम उजळलेले, आणि त्यांतला एकही हलत नव्हता. मावशींनी, स्वतःच्याही नकळत, पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या आणि हनुवटी किंचित वर धरली होती.

उजेड गेला.

प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मास्तर शेवटचा अंधार झाला की घड्याळाची कळ दाबत आणि पहिली टाळी वाजली की पुन्हा दाबत. त्या संध्याकाळची नोंद वहीत अशी आहे: फुली एकोणीस. उभ्या, मापमावशी. फळी, दोन अधिक तीन. अंधार ते पहिली टाळी, अकरा सेकंद.