पेजमेकर गेल्यावर

अक्कलकुव्यात भीकमचंद शेठच्या छापखान्यात सालेहा पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिकांची मांडणी करायची. नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर पेजमेकर चालेना, म्हणून शेठने इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर घेतलं. सालेहा मोबाइलवर व्हिडिओ बघून ते शिकली. जुना मजकूर त्यात आणला की अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. तिने पत्रिकांचे सगळे नमुने नव्याने टाइप केले. शेठची सून जिनल शेजारी येऊन बसायची, तिलाही सालेहाने हौसेने शिकवलं.

शेवटचा नमुना तयार झाला त्या संध्याकाळी शेठ म्हणाले, "सालेहाबेन, आते काम सोपं व्हयी गयं. जिनल घरमाच शे, तीच करी."

"मग मी?"

"काम निंघनं तर बलाई लिसू."

ते बोलावणं काही येणार नाही हे ओळखून सालेहाने पर्स उचलली. जिनल स्क्रीनकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनलचा फोन आला. "दीदी, जोडाक्षरं तुटताहेत. काय करू?"

'आता तूच बघ' हे ओठांवर आलेलं सालेहाने गिळलं आणि कुठलं सेटिंग बदलायचं ते नीट सांगितलं. थँक्यू म्हणून जिनलने फोन ठेवला. सालेहाला तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.