दिग्गीच्या चढावरचं पान

दिग्गी गावचा चढ यंदा मी सायकलवरून चढणार, याबद्दल मला तीळभरही शंका नव्हती. शंका होती ती माझ्या दिराला. विनायक रामनगरच्या आमच्या कापडदुकानात बसतो, सायकलला कधी हात लावत नाही आणि सायकलीतलं सगळं त्याला कळतं. गेल्या जानेवारीत बेळगावच्या सायकलवाल्यांबरोबर मी गेले होते. शेवटच्या वळणाआधी पाय टेकला आणि उरलेला दीड किलोमीटर सायकल ढकलत नेली. मी गिअरला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं विनायक सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हापासून माझं काहीही बिघडलं की घरात ‘दिग्गी झाली’ म्हणतात. भाकरी करपली तरी दिग्गी झाली. मला राग येतो, आणि आला की मी तो लपवत नाही.

म्हणून यंदा आखणी पक्की केली. खालच्या पुलापासून गावापर्यंत अकरा किलोमीटर, चौदा वळणं. प्रत्येक वळणाचा चढ फोनवरून कागदावर उतरवला. पहिले चार किलोमीटर सोपे, तिथं जोर मारून वेळ कमवायचा, असं ठरवलं. तो कागद काउंटरवर पसरून बसले होते, तेवढ्यात रुक्माक्का पाणी प्यायला आत आली.

रुक्माक्का दिग्गीची. बाजाराच्या दिवशी आमच्या पायरीवर कंद विकायला बसते. सत्तरी कधीच उलटलीय. डांबरी रस्ता नव्हता तेव्हा हाच चढ ती आठवड्याचा बाजार डोक्यावर घेऊन चढायची. मी तिला जरा तोऱ्यातच कागद वाचून दाखवला. तिनं विचारलं, ह्यात तीन धोंडे कुठं हायत? ते कागदावर नव्हते. प्रत्येक धोंड्यापाशी बायका भारा उतरवायच्या, धोंड्यावर एक हिरवं पान ठेवायच्या आणि मगच पुढं जायच्या. मी फटकन म्हणाले की फोननं रस्ता इंचाइंचानं मोजलाय, पानंबिनं ठेवायला मला वेळ नाही.

ती चिडली नाही. “बाय, तुज्या फोनाला चढ दिसतो,” ती म्हणाली. “दम दिसत न्हाई.”

मग तिनं समजावलं. डोक्यावर भारा असला की वाकता येत नाही. पान ठेवायचं तर भारा उतरवावाच लागतो. तरण्या पोरींची आपसात चुरस असायची, दमलो म्हणून थांबायची लाज वाटायची. पानासाठी थांबायची लाज कुणालाच नव्हती. आणि तिन्ही धोंडे खड्या चढाच्या तोंडाशीच होते. तिसरा तर मी गेल्या वर्षी जिथं हरले त्याच्या शंभर पावलं अलीकडे. हे ऐकून मी कागदाची घडी घातली.

त्याच संध्याकाळी नवा कागद केला. सुरुवात सावकाश. पहिल्या दोन धोंड्यांजवळ वेग सोडून पाणी प्यायचं. तिसऱ्यापाशी उतरायचं, पान ठेवायचं, निघायचं. विनायकनं वाचून निकाल दिला की पाय टेकला तर चढ धरायचा नाही. चढ माझा आहे, धरायचा की नाही ते मी बघेन, असं मी त्याला सुनावलं.

पण खड्या चढावर थांबून पुन्हा निघणं हे न थांबण्याहून अवघड. सायकलचे खास बूट पॅडलच्या खाचेत अडकवावे लागतात, ते अडकायच्या आत सायकल मागं घसरते. तीन आठवडे पहाटे शाळेमागच्या उतारावर तेवढंच करत राहिले. दोनदा आपटले. कोपर कसं सोललं ते घरात कुणाला सांगितलं नाही.

रविवारी निघाले. साक्षीदार म्हणून विनायक मोटारसायकलवरून मागं. पहिला धोंडा, दुसरा धोंडा, सगळं कागदाबरहुकूम. तिसऱ्यापाशी पोचले तेव्हा छातीत इतका दम शिल्लक होता की थेट वर गेले असते. खरं सांगते, मोह झाला. न थांबता गेले असते तर विनायकचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण हा दम कुणामुळं शिल्लक होता, ते मला माहीत होतं. मी उतरले. पाठीच्या खिशातून फणसाचं पान काढून धोंड्यावर ठेवलं.

“वैनी, दिग्गी झाली,” विनायक हसत म्हणाला.

“गेल्या साली पायानं ठरवलं,” मी म्हटलं. “यंदा मी ठरवलं.”

पहिल्याच झटक्यात बूट अडकला. शेवटचा दीड किलोमीटर मी खाली मान घालून चढले, आणि गावातला पहिला कुत्रा भुंकला तेव्हाच मान वर केली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

रुक्माक्का अंगणात कंद सोलत बसली होती. पान ठेवलंस काय, एवढंच तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि नुकत्याच पोचलेल्या विनायककडे वळली. तू ठेवलंस? त्यानं नाही म्हणून मान हलवली. आपण गाडीवरून आलो, असंही सांगून बघितलं.

“मग जा, ठिवून ये,” ती म्हणाली. “चालत.”

तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. फणसाचं पान घेऊन तो खाली तिसऱ्या धोंड्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा शर्ट भिजला होता आणि दम लागला होता. किती वेळा थांबलास, ते मी विचारलं नाही. माझ्या वाट्याचा चहा त्याच्यापुढं सरकवला.