हातचा

त्या मशीनचा आवाज आता घरात कोणाला जाणवत नसे. तिला मात्र यायचा. सासऱ्यांनी श्वास आत घेतला की मशीन हलकंसं फुस्स करायचं आणि नळीतून ऑक्सिजनचा एक झोत त्यांच्या नाकात सोडायचं. मशीन शिवणाच्या डब्याएवढं, वर एक बटण आणि एक आकडा. डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलं होतं.

"थंडीच्या आत त्यांना खाली न्या," डॉक्टर म्हणाले होते. "ह्या उंचीवरची आणखी एक थंडी त्यांची फुप्फुसं काढतील असं मला वाटत नाही."

खाली म्हणजे समुद्रालगत, नणंदेच्या घरी. विमान कंपनीने रिपोर्ट बघूनच नकार कळवला होता. अँब्युलन्सचं नाव काढलं तेव्हा सासरे म्हणाले, "आडवा होऊन मी एकदाच जाणार आहे, आणि तेव्हा तुम्हाला विचारायला थांबणार नाही."

राहिली गाडी. विजेवरची, दोन वर्षांची, शहराच्या वेशीपलीकडे कधी न गेलेली. धक्के बसत नाहीत, धूर नाही आणि आत मशीनसाठी सॉकेट आहे, म्हणून सगळ्यांना ती पटली होती. तिला पटली नव्हती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रोज एकच नमुना तीनदा मोजायची, आणि तिन्ही उत्तरं जुळली तरी तिला चैन पडायचं नाही. भीती तिच्यापर्यंत आकड्यांतूनच यायची.

रस्ते दोन होते. एक खिंडीतून, एका दिवसाचा. पण वाटेत चार्जिंगची एकच जागा, तीही खिंड ओलांडल्यावर, एका हॉटेलपाशी. दुसरा नदीच्या कडेने, गावागावांतून, लांबचा, मध्ये एक मुक्काम.

"दोन दिवस अण्णांना गाडीत बसवून ठेवायचं?" नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि घरीही तो समोरच्याला नंबर लागलाय अशा नजरेने बघायचा. "खिंडीतून सकाळी निघालो की संध्याकाळचा चहा ताईकडे."

तिने त्या खिंडीपलीकडच्या हॉटेलला फोन लावला.

"चार्जिंगचं मशीन चालू आहे ना तुमचं?"

"एकदम टकाटक," पलीकडचा माणूस म्हणाला. "नवीन आहे."

"म्हणजे आम्ही आलो तर गाडी चार्ज होईल?"

"वीज असली तर होईल की."

"वीज नसते?"

"असते ना. असते तेव्हा असते. तुम्ही या तर खरं, ताई. आल्यावर बघू."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

"आल्यावर बघू म्हणाला."

"मग बघू की आल्यावर." तो हसला, पण तिचा चेहरा बघून समोर बसला. "बरं. सरळ सांग. थंडी, चढ, तीन माणसं, हीटर, सगळं धरून त्या हॉटेलपाशी बॅटरी किती उरेल?"

तिने तीन वेळा करून बघितलेला हिशोब होता. "बारा टक्के. ऐंशीच्या वेगाने गेलो तर."

"म्हणजे तीस."

"बारा."

"अगं, तू बारा म्हणालीस आणि बाराच निघाले असं आजवर कधी झालंय?"

झालं नव्हतं, हे खरं होतं. सासरे प्राथमिक शाळेत गणित शिकवत. बेरजेत पुढच्या घरासाठी मनात ठेवतात तो हातचा. पण ह्या घरात तो शब्द कशालाही लागायचा. बैठकीतलं घड्याळ पुढे होतं, तो सासऱ्यांचा हातचा. सिलिंडर अर्धा असतानाच ती संपत आला म्हणायची, तो तिचा. नवरा गिऱ्हाइकाला चष्मा गुरुवारी देतो म्हणायचा आणि बुधवारी तयार ठेवायचा. सगळ्यांना सगळ्यांचे हातचे पाठ होते. आकडा कानावर आला की आधी बोलणारा कोण ते बघायचं, मग मनात वजाबाकी करायची. एरवी त्यावर हसायला यायचं.

"ह्या वेळी हातचा नाही धरलेला," ती म्हणाली. "तू सरळ सांग म्हणालास म्हणून सरळ सांगितलं."

"हो, हो." त्याने तिच्या पाठीवर थोपटलं आणि दुकानाची किल्ली उचलली. "खिंडीतूनच जाऊ. वीज नसली तर तीस टक्क्यांत उतरत उतरत पुढच्या गावाला लागू. तो तुझा टकाटक गेला उडत."

दार लागलं. ती टेबलापाशी बसून राहिली. बारा टक्के म्हणजे काय, हे तिला चांगलं दिसत होतं: पडद्यावर लाल रेघ, बाहेर उजाड माळ आणि मागच्या सीटवर फुस्स, फुस्स. खरं बोलून झालं होतं, आणि ते कोणी घेतलं नव्हतं.

दुपारी तिने मशीन तपासायला घेतलं. सॉकेटमध्ये काही बिघडलंच, तर मशीनला स्वतःच्या बॅटरीवर चालावं लागणार होतं. दोनवर ते पाच तास चालतं असं कंपनी म्हणायची. तिने घरात चार सांगितले होते. तिने वायर काढली, सासऱ्यांच्या पायांवर शाल टाकली आणि स्वयंपाकघरात भांडी आवरायला गेली.

निम्मा वेळही झाला नव्हता, तोच मशीन केकाटायला लागलं.

तिने धावत जाऊन वायर जोडली. सासरे खिडकीतून बाहेर बघत होते. पडद्यावर दोन होते.

"बॅटरी जुनी झाली असेल," ते म्हणाले.

असेल. तिने कंपनीला फोन करायला घेतला आणि मध्येच थांबली. स्वयंपाकघरात ऐकू येणारा आवाज थोडा जाड होता. आत्ता, खोलीत, तो बारीक होता. भास असेल म्हणून ती पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. आवाज जाड झाला. चपला वाजवत परत आली. दारापाशी येता येता तो बारीक झाला. पुन्हा गेली, पुन्हा आली. तेच. तिसऱ्या वेळी तिने चपला पॅसेजमध्येच काढल्या.

सासऱ्यांचा अंगठा बटणावर होता. पडद्यावर तीन.

त्यांनी वर बघितलं. "चपला कुठे आहेत तुझ्या?"

"काढल्या."

"असं मांजरीसारखं यायला कोणी शिकवलं?"

"तुम्ही वर्गात असेच यायचात म्हणे."

ते हसायला गेले आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत ती पलंगाच्या कडेला टेकली.

"कधीपासून तीन लागतंय, अण्णा?"

"थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"हातचा सोडून? महिना झाला." त्यांनी शाल उगाचच सारखी केली. "त्याला सांगू नकोस. तो मला उचलून थेट त्या हॉस्पिटलात नेऊन टाकेल. तुझ्या सासूला नेलं होतं तिथे. खिडकीसुद्धा नव्हती गं तिला. मला मुलीकडे जायचंय. खाली. निदान मोकळ्या हवेत बसेन."

"पण बॅटरी केवढी लवकर संपते, ते तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं. पण तू चार तास म्हणालीस म्हणजे सहा असणार, असं मी धरलं. म्हटलं, सूनबाईचा हातचा आहे, त्यातला थोडा आपण खाल्ला तर काय बिघडतं."

नवरा गाडीच्या आकड्यातला तिचा हातचा खात होता आणि सासरे मशीनच्या. गाडीच्या आकड्यात तो नव्हताच. मशीनच्या आकड्यात जेमतेम तासाचा होता, तो केव्हाच संपला होता.

"अण्णा, दोनवर गाडीचा सॉकेट मशीनला पुरतो. तीनवर पुरत नाही. वायर लावलेली असली तरी उरलेलं ते स्वतःच्या बॅटरीतून ओढतं. आणि खिंड आपल्या घरापेक्षा उंच आहे. तिथे हवा आणखी विरळ. इथे तीन लागतंय, तर तिथे चार लागेल, पाच लागेल. वर घाटातच मशीन बंद पडलं असतं. मागे फिरायला वेळ नाही, पुढे जायला नाही."

त्यांनी अंगठा बटणावरून काढला. मशीन तीनवरच होतं, जाड आवाजात.

"म्हणजे माझं गणित चुकलं," ते म्हणाले.

"गणित नाही चुकलं. तुम्ही आकडाच खोटा दिलात."

"मास्तरला बोलतेस."

"हो, बोलते."

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं. त्याने उभ्या उभ्या खिशातून फोन काढला आणि हॉस्पिटलचा नंबर शोधू लागला.

"ठेव तो फोन," सासरे खोलीतून चालत आले होते. एका हातात मशीन, दुसरा भिंतीला.

"तुम्ही बोलू नका, अण्णा. महिनाभर आम्हाला शेंड्या लावल्यात."

"लावल्या. आता मारतोस का?"

"बसा आधी दोघेही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, जो कधी चढत नसे. "आकडे पुन्हा सांगायचे. हातचा न धरता. आणि दुसऱ्याच्या आकड्यातून कोणी काही वजा करायचं नाही. माझे बारा टक्के, ते बाराच. अण्णा?"

"तीन. जिना चढलो की चार."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"आणि तू? खिंडीत गाडी किती वेगाने नेणार होतास?"

"ऐंशी. ठरलंय ना."

"खरं सांग."

तो नकाशाकडे बघत राहिला. "शंभर. तुझे तीस टक्के आहेत असं वाटलं होतं. म्हटलं, अण्णांना लवकर पोचवू."

तिने पेन उचललं नाही. डोक्यातच बेरीज झाली. "गाडी हॉटेलच्या अलीकडे थांबते. खिंडीच्या माथ्यावर."

मशीनचा आवाज आता तिघांनाही येत होता.

मग नवऱ्याने फोन उचलला. पण डॉक्टरांना लावला. बोलणं स्पीकरवर होतं. खिंडीचं नावही काढू नका, डॉक्टर म्हणाले. नदीच्या रस्त्याने न्या, ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावलेलं असू द्या. त्यावरचा आकडा घसरला तर जवळच्या गावातल्या दवाखान्यात शिरायचं, तिथे पेशंटने वाद घालायचा नाही.

"घालणार नाही," सासरे म्हणाले.

"हे हातचा धरून की सोडून?" नवऱ्याने विचारलं. कोणी हसलं नाही, पण त्याने वडिलांसाठी खुर्ची ओढली.

निघाले त्या सकाळी रस्त्यावर धुकं होतं. गावोगावी चार्जिंगच्या जागा होत्या, प्रत्येक ठिकाणी मशीनची बॅटरी भरायला भिंतीतला सॉकेट मिळेल का, हे तिने स्वतः फोन करून विचारलं होतं, तरी तिचे खांदे आखडलेलेच होते. नवरा सत्तरच्या वर जात नव्हता. मागून ट्रक भोंगे वाजवत पुढे निघून जात होते. एका ट्रकवाल्याने काच खाली करून "ढकलू का?" असंही विचारलं.

पहिल्या गावाच्या आधी एक छोटा चढ होता. मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"चार केलं गं."

तिने वळून बघितलं. बटण त्यांनी लपवलं नव्हतं. मशीन मांडीवर, आकडा तिच्याकडे करून धरला होता. ओठ फिकट होते. बोटावरच्या यंत्राचा आकडा चालेल त्याच्या अगदी काठावर होता. नवऱ्याने आरशात बघितलं आणि हीटर बंद केला.

"पोचतो का?" त्याने हळूच विचारलं.

"गाडी पोचते. मशीनही पोचतं."

"किती उरतं?"

तिने जेवढं होतं तेवढं सांगितलं. ते फार नव्हतं. त्याने मान हलवली आणि त्यातून काही वजा केलं नाही. तिला एकदम वाटलं, आता चुकलं तर चुकणारी एकटी तीच. आधी निदान कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

चढ संपला. धुक्यातून नदी दिसू लागली, खूप खाली, आणि रस्ता तिच्याकडे उतरायला लागला. ती मागच्या सीटकडे कान लावून बसली होती. जाड फुस्स. जाड फुस्स. बऱ्याच वळणांनंतर आवाज किंचित बारीक झाला. ती दचकून वळली.

"तीन," सासरे म्हणाले. "खरंच तीन. बघ हवं तर."

तिने बघितलं. बोटावरचा आकडाही बघितला. तो काठावरून थोडा आत आला होता. मग ती पुढे वळली. उतारावर चाकं उलट वीज भरत होती, आणि पडद्यावरची टक्केवारी एकाने वाढली.

नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर होतं. पुढे अजून आख्खा दिवस होता, एक मुक्काम आणि उद्याचा दिवस. तो एक टक्का तिने कोणाला सांगितला नाही.