दहा लाख एक

शेवटचा एक जरासा तिरका बसला होता. लोखंडावर ठोकलेले सात आकडे — एक, पाच शून्यं, पुन्हा एक — स्नेहलनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. दहा लाख एक. शिरोलीच्या या फौंड्रीत काल दहा लाखाव्या नगाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि आता तो हार घालून मालकांच्या केबिनमध्ये बसलाय. अन् त्याच्यात आहे काय? सहा वेळा दोन, सहा वेळा पाच, गुणाकार केला की संपलं! खरी गंमत या मागून आलेल्याची... पण याला कोण विचारतंय, हा दुपारच्या ट्रकनं जाणार.

याला कशाचा भाग जातो? तपासणीच्या कार्डामागं सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. साताचा लावला — दोन उरले. अकराचा — दोन. तेराचा — अगं बाई, पुन्हा दोनच! कारण सहा नवांच्या आकड्याला तिघांचाही भाग जातो आणि हा त्याच्याहून दोनानं मोठा. हे सुचलं तेव्हा केवढी खूश झाले मी! अकरा वर्षं गणिताला हात लावला नव्हता — बी.एस्सी., मग लग्न, मग इथं नगांवर नंबर ठोकणं — आणि उद्या राजारामपुरीतल्या क्लासात नववीला शिकवायची मुलाखत. डोकं गंजलं असलं तर? फळ्यापाशी उभं राहून त त प प... त्यापेक्षा न गेलेलं बरं. सत्त्याण्णवपर्यंत सगळे भाग लावून झाले, एकही जाईना, तेव्हा तिनं ठरवून टाकलं : मूळ संख्या. हे बरोबर आलं असेल तरच उद्या जायचं.

शेजारी नग घासणाऱ्या पिराजीकाकांनी मशीन थांबवलं. "काय गं, पीस खराब हाय काय? मघाधरनं हात फिरवायलीस."

"नाही काका, चांगला आहे."

"दहा लाख म्हंजे किती गं? शंभराचं शंभर?"

"ते दहा हजार झाले. तेसुद्धा आणखी शंभर वेळा. म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले..."

ती थांबली. शंभराचा घन. आणि वरचा एक — एकाचा घन एकच की! दोन घनांची बेरीज... नववीचं सूत्र! म्हणजे शंभर अधिक एकचा भाग जाणारच : एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. सत्त्याण्णवच्या पुढची पहिलीच मूळ संख्या एकशे एक, आणि मी शहाणी तिच्या दारातून परत आले! तिला हसू आवरेना.

"काय झालं गं?"

"चुकले काका. साफ चुकले."

"मग हसायलीस कशापायी?"

खरंच, कशापायी? अट तिनंच घातली होती आणि ती पुरी झाली नव्हती. उद्या जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नव्हतंच... पण सकाळपासूनची भीती शोधूनही सापडेना. नऊ हजार नऊशे एकला कशाचा भाग जातो, ते बघायला हवं होतं. आणि त्याआधी हे सगळं कुणालातरी सांगायला हवं होतं, काकांना नव्हे, फळ्यावर, खडूनं, पहिल्यापासून — बघा, इथवर आले आणि इथं चुकले मी... पोरं हसली तर हसू देत.